दीड किलोचा दिवस

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

निवृत्तीनंतर पुन्हा वही धरायची नाही असं ठरवलं होतं. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत चौथीच्या पोरांच्या वह्या तपासल्या, तेवढं पुरे झालं. पण आज सोनियाने ती धरायला लावली. सोनिया म्हणजे बावधनच्या डायलिसिस सेंटरात मशीन लावणारी मुलगी. माझ्या बायकोच्या, बानूच्या दोन्ही किडन्या बसल्या त्याला चार महिने होत आले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी घोटावड्याहून रिक्षा करून तिला तिथे नेतो. चार तास मशीनला लावतात आणि अंगात साठलेलं पाणी काढून घेतात. लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगातच राहतं.

सोनिया म्हणाली, "सर, मॅडमचं कोरडं वजन अठ्ठेचाळीस किलो धरलंय. म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना असावं तेवढं. त्याच्या वर येईल ते आम्ही काढणार. तुम्ही रोज घरी वजन करून लिहून आणा."

आज आत जाताना ५१.२०० भरली. ५१.२०० वजा ४८.०००, बाकी ३.२००. तीन किलो दोनशे, म्हणजे बत्तीसशे ग्रॅम पाणी. एका वेळी एवढं काढलं तर हृदयाला सोसत नाही, अडीचच्या वर जाऊ देऊ नका, असं सोनिया म्हणाली. काढताना बानूच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती ओरडली नाही, माझ्या शर्टाची बाही पिरगाळत राहिली.

मला भीती वाटते. हे कोणाला सांगणार नाही, इथेच लिहितो. पण काम वजाबाकीचं आहे, आणि वजाबाकीत आजवर मला कोणी हरवलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पिरंगुटला जाऊन दोन काटे आणले. एक उभं राहायचा आणि एक स्वयंपाकघरातला, ग्रॅम ग्रॅम दाखवणारा.

सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पाणी, चहा, आमटी मिळून दिवसाला पाऊण लिटर. पण हा नियम ढिला वाटतो. आमटीत पाणी किती आणि डाळ किती हे कोण ठरवणार? भातात पाणी नसतं का? म्हणून मी माझी रीत काढली. तोंडात जाईल ते सगळं काट्यावर. कप वजा, ताटली वजा, उरेल ते पाटीवर लिहायचं. दिवसाची बेरीज दीड किलोच्या आत. पंधराशे ग्रॅम. ना भांडण, ना शंका. डॉक्टरीणबाईंपेक्षा माझा नियम जास्त काटेकोर आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चहासकट कप २२४, रिकामा कप १४०, चहा ८४. बेरजेला सोपं जावं म्हणून दहाच्या पटीत धरायचं ठरवलं. एकमस्थानी पाच किंवा जास्त असेल तर वरचा दहा, कमी असेल तर खालचा. म्हणजे चहा ८० ग्रॅम.

बानू बघत होती. म्हणाली, "म्हंजी म्या आता मार्केट यार्डातली गोण झाले म्हना की."

तिला अंक चांगले येतात. लग्नानंतर मीच शिकवले. मेंढरामागं वाढलेली धनगराची पोर, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पळता कळप मोजण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हापासून मला 'गुरुजी' म्हणते, ते अर्धं मान म्हणून आणि अर्धं चिडवायला.

२० ऑक्टोबर, रविवार

बाईसाहेबांनी मला चार दिवसांत गुंडाळलं. चहा ८४, आमटी ६४, पाणी ९४, रोजचंच. मला वाटलं हात बसलाय. आज सृष्टी आली होती. लेक नोकरीमुळे बावधनलाच राहते, रविवारी येते. पाटी बघून हसायलाच लागली. "आप्पा, सगळीकडे चारच कसे? आईने तुमचाच नियम तुमच्यावर उलटवला."

बानू तोंडाला पदर लावून म्हणाली, "आठ येळा चार, बत्तीस गराम. कुनाच्या खिशातनं गेले?"

मी शाबास म्हणालो आणि त्याच क्षणी दहाच्या पटीचा नियम रद्द केला. आता एकेक ग्रॅम धरायचा. ती म्हणाली, "सासूबाईंनी बी कदी इतकं मोजून घातलं न्हवतं." हसत म्हणाली, पण मला लागलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. दिवाळी आहे म्हणून मशीनला सुट्टी नसते. ५०.४०० वजा ४८.०००, बाकी २.४००. अडीचच्या आत. सोनियाने माझी वही बाकीच्या पेशंटांच्या नातेवाइकांना दाखवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घरी आल्यावर मात्र वाईट गेलं. बानूची जीभ टाळूला चिकटत होती.

"घोटभर द्या वं."

"चौदाशे नव्वद झालेत. दहा उरलेत."

"दहा गराम म्हंजी किती?"

"दोन चमचे."

दिले. तिने ते पाणी किती तरी वेळ गिळलंच नाही, तोंडात धरून बसली. मला बघवेना, म्हणून अंगणात जाऊन उगाच कपडे वाळत घालायची दोरी आवळत बसलो. परत आलो तर म्हणाली, "गुरुजी, भाकरीचं बी वजन धरता न्हवं?"

"धरतो की."

"एक भाकर किती?"

"एकशे वीस."

"आन एकशेईस गराम पानी म्हंजी?"

"छोटा पेला भरून. पण काट्याला काय कळतंय, भाकरी का पाणी. ग्रॅम तो ग्रॅम."

"व्हय," म्हणाली. इतक्या दिवसांनी नियमाचं मर्म तिच्या डोक्यात शिरलं असं वाटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अठरा दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं वाईट काही नाही. आता वजनं ती स्वतः करते, पाटीवर स्वतः मांडते. सकाळी मी वाचनालयात जाऊन येईपर्यंत तिची अर्धी पाटी भरलेली असते. मी वरचे आकडे बघत नाही, बायकोवर काय पहारा ठेवायचा. खालची बेरीज बघतो आणि पाटी पुसतो. १४९८. १५००. १४९९. चौथीतल्या कुठल्याही पोराने इतकी नेटकी पाटी मला दाखवली नव्हती.

आणि मुख्य म्हणजे ती आता पाणी मागत नाही. अडीच आठवड्यांत एकदाही नाही. माणूस मनावर घेतं तेव्हा काय करू शकतं!

आज मशीननंतर बरोबर ४८.०००. आजचं वजन वजा कोरडं वजन, बाकी पूज्य. फळ्यावर लिहावं असं वाटलं.

तिच्या झंपरांच्या बाह्या ढिल्या झाल्यात. रत्नाबाई शिंपिणीकडे दोन बोटं आत घ्यायला टाकून आलो. सूज उतरली की कपडे ढिले व्हायचेच. दळणही या वेळी चांगलं पुरलंय. पंधरा दिवसांत संपणारा डबा अठरा दिवस झाले तरी पाव उरलाय.

८ डिसेंबर, रविवार

बानूचा भाऊ बाजी आला होता. त्याचा कळप सध्या नेऱ्याच्या बाजूला मोकळ्या भातखाचरांत बसलाय. काल चंपाषष्ठी झाली, म्हणून बहिणीसाठी भरीत-रोडग्याचा नैवेद्य घेऊन आला. बानूने चिमूटभर कपाळाला लावून तोंडात टाकला आणि बाकीचं माझ्या ताटात सारलं. काट्यावर ठेवायलाही लागलं नाही.

बाजी तिच्या शेजारी बसून बोलत होता. बोलता बोलता त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मणक्यावरून खाली फिरवला. मेंढरू पारखताना लोकरीवर जायचं नाही, पाठीला हात लावून बघायचं, ही त्यांची रीत. तोच हात थांबला.

"दाजी, हिच्या अंगावर काय उरलं न्हाई वं. नुसती हाडं लागत्यात."

मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस किलो आहे. ऑक्टोबरात होती तेवढीच. हे बघ वहीत."

"वही ऱ्हाऊ द्या. मेंढराला पानी लागलं की गळ्याखाली फुगतंय, काट्यावर बी भरतंय, आन आतनं पोकळ आसतंय. म्या धा येळा बगितलंय."

बहिणीला मेंढरू म्हणतोस का, असं मी जरा तोडूनच बोललो. तो उठला, चप्पल घातली आणि बानूला म्हणाला, "येतो गं आक्का. खात जा जरा." बानू म्हणाली, "खातुया की," आणि माझ्याकडे बघितलं नाही.

त्याला वाटेपर्यंत सोडायला जायला हवं होतं. गेलो नाही. शिकलेल्या माणसाला त्याच्या विषयात असं कोणी सांगितलं की राग येतोच.

१७ डिसेंबर, मंगळवार

सोनियाशी वाद झाला.

ती म्हणाली, "सर, मॅडमचा चेहरा उतरलाय, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. कोरडं वजन कमी धरावं लागेल असं वाटतं. सेहेचाळीस, कदाचित अजून खाली. आज डॉक्टर मॅडम यायच्यात, त्यांना विचारते."

मी वही उघडली. दोन महिने, सतरा वेळा मशीन, सतरा वेळा अठ्ठेचाळीसच्या आसपास. "जी संख्या हलत नाही ती चुकीची कशी? वजाबाकीत खालची रक्कमच मनाने बदलायला लागलो तर बाकीला अर्थ काय?"

"जेवण कसं आहे त्यांचं?"

"रोज पंधराशे ग्रॅम. एक कमी नाही."

ती बानूकडे वळली. "खरंय का मॅडम?" बानू म्हणाली, "गुरुजींचा हिसोब कदी चुकत न्हाई बाई."

सोनिया दुसऱ्या मशीनकडे वळली. दुपारी डॉक्टरीणबाईंची महिन्याची तपासणी झाली तेव्हा मीच वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली, "फार व्यवस्थित ठेवलंय" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात रक्त तपासून ठरवू, असं झालं.

घरी येताना मला विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. बानू रिक्षात डोळे मिटून होती.

२९ डिसेंबर, रविवार

बानूला आडवं झालं की दम लागतो. आठ दिवस खुर्चीत बसूनच झोपते. थंडी आहे, त्यात कारखान्यांच्या बाजूची धूळ. ओवा-मिठाचा शेक दिला. सृष्टी म्हणते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मी म्हणालो, वजन बघ, वजनात काही नाही. ती रागावून गेली.

पाटी १५००.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. बानूने तिळाचा लाडू काट्यावर ठेवला, २२ ग्रॅम आला. तिने अर्धा मोडून मला दिला, म्हणाली, "अकरा तुमी, अकरा म्या. ग्वाड बोला." बोलताना तीन वेळा थांबावं लागलं.

उन्हाळ्यात तिला बाजीच्या तळावर न्यायचं ठरवलंय. चार दिवस मेंढरांत बसेल. बाजीची समजूतही काढीन. तिला हे सांगितलं तर माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी रिक्षात बसवतानाच ओठ निळे झाले. सेंटरात पोचेपर्यंत तोंडातून फेस. तिथून ॲम्ब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात. वजन करायला कोणी थांबलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं.

"गुरुजी, कोरडं वजन कायमचं नसतं. माणूस आतून बारीक झालं की ते खाली आणावं लागतं. यांच्या अंगावरचं पाच किलो मांस गेलंय आणि त्या जागी पाच किलो पाणी बसलंय. म्हणून काटा अठ्ठेचाळीसच दाखवत राहिला. ते पाणी छातीत भरलंय, हृदय थकलंय. मी आधी ओळखायला हवं होतं. रक्तात प्रथिनं जवळजवळ नाहीत. यांनी दोन-तीन महिने नीट खाल्लेलं दिसत नाही."

मी म्हणालो, रोज पंधराशे ग्रॅम खात होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पंधराशे ग्रॅम काय?"

पाटी रोज मीच पुसत होतो.

४८ वजा ५, ४३. अधिक ५, ४८. पहिलीचं गणित.

२७ जानेवारी, सोमवार

बानू गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

९ फेब्रुवारी, रविवार

तेरावा होऊन गेला. बाजी सगळे दिवस इथेच होता, पण मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सकाळी जाताना पाया पडला तेव्हा मला हुंदका आवरला नाही. त्याने धरलं मला. "रडा दाजी," एवढंच म्हणाला.

सृष्टीने विचारलं, आप्पा, आई शेवटी काय बोलली? मी म्हणालो, मास्क होता, काही बोलली नाही. लेकीशी खोटं बोललो. ती सध्या स्वयंपाकघर आवरतेय, पिठाचा डबा तिने दोनदा उघडून बघितला आणि झाकण लावलं. तिला कळलं असावं. पण तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो.

शनिवारी, पंचवीस तारखेला, दुपारी तिला जरा बरं होतं. नर्सने मला दहा मिनिटं आत सोडलं. मी विचारलं, "बानू, जेवत नव्हतीस का गं?"

तिने मास्क हाताने जरा वर केला. "जेवत व्हते की. थोडं थोडं."

"किती?"

"सकाळच्याला पाव भाकर. सांजच्याला कदी खाल्ली, कदी न्हाई. त्येवढ्या वजनाचं पानी घेत व्हते. पर दीड किलोच्या वर एक गराम न्हाई गेले. पाटीवर समदं मांडलं व्हतं, भाकरीचं येगळं, पान्याचं येगळं. तुमी रोज बगत व्हता."

मी तिला काय सांगू, की मी फक्त खालचा आकडा बघत होतो.

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तुमीच म्हनला व्हता, ग्रॅम तो ग्रॅम." दम घेतला. "तहानंनं जीव जायाचा वं. तुमाकडं मागितलं की तुमचं त्वांड येवढंसं व्हायचं. न्हाई म्हनताना तुमास्नीच लई तरास व्हायचा. म्हनून म्हनलं आपलं आपुन भागवावं. भाकर वजा केली, पानी मिळवलं." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावर काही तरी दिसलं असावं. "माझं कुटं चुकलं का गुरुजी?"

चौतीस वर्षांत मी एकाही पोराला फुकट गुण दिला नाही. पण तिचं कुठेच चुकलं नव्हतं. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, शेवटच्या ग्रॅमपर्यंत बरोबर. माझ्यावर विश्वास ठेवून, पोटाला चिमटा घेऊन ती तीन महिने ते गणित सोडवत राहिली. गणित घालणारा चुकला होता. मी घातलं, मीच तपासलं आणि मीच रोज शाबास म्हणालो. माझ्या बायकोला मी माझ्या डोळ्यांदेखत उपाशी ठेवलं, आणि तिने खुर्चीत बसून दम खात काढलेल्या त्या दिवसांत मी वहीत बाकी पूज्य लिहून आनंदाने झोपलो. हे मला कोणी माफ करू नये.

हे सगळं त्या वेळी ओठांवर आलं होतं. पण ती उत्तराची वाट बघत होती.

"नाही," म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

"एक बी चूक न्हाई?"

"एकही नाही."

"मंग पैकीच्या पैकी द्या की. चाळीस वर्सांत कदी दिलं न्हाईत."

"दिले," मी म्हणालो.

तिने मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला. फार खूश झाली होती.